म्हशीची वाट, शेळीची वाट : तापीकाठचे चार दिवस

खानदेशात पायी भटकायचं म्हटलं की तोरणमाळ नाहीतर पाटणादेवी, म्हणजे चढ ठरलेलाच. तापीच्या काठानं मात्र दिवसभर चाललं तरी चढायचं असतं ते शेताच्या बांधाएवढंच. तेवढ्यावरून ही वाट सोपी समजणाऱ्याची फजिती पहिल्या तासातच होते. चिखल, ऊन आणि पाण्याची पातळी ही तीन माणसं इथली खरी वाटाडी, आणि तिघंही लहरी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या चार दिवसांची ही हकिगत. पहिल्या दोन रात्री भुसावळला मुक्काम, तिसरी पालला. गाडी ठरवून घेतली होती. एसटीनंही जमतं, पण पहाटेची वेळ साधत नाही, आणि पहाट हुकली तर इथे येऊन उपयोग नाही.

दिवस पहिला : चांगदेव, संगमाचा काठ

जानेवारीत इकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पावणेसातला चांगदेवच्या घाटावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि हातमोजे हवेत एवढी थंडी. अकराला हीच हवा अंगातला सदरा काढायला लावते. म्हणून जाड एकच जाकीट नको. दोन-तीन पातळ थर घालावेत, एकेक काढत जावं.

मुक्ताईनगर तालुक्यातल्या या गावाजवळ पूर्णा तापीला मिळते. दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला इथे आणि मेहूण-मुक्ताईनगरला मोठी यात्रा भरते, ते दिवस चालण्यासाठी टाळावेत. संगमाच्या खालच्या अंगाला हतनूर धरण आहे. त्यामुळे आता संगम म्हणजे दोन धारा नव्हेत, धरणाच्या फुगवट्याचं विस्तीर्ण पाणी आहे. दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरत जातं, तसतशी काठाची जमीन उघडी पडते. चालायची वाट याच पट्ट्यातून. मागच्या वर्षीची वाट यंदा त्याच जागी असेलच असं नाही. डिसेंबरात जिथे पाणी होतं तिथे फेब्रुवारीत हरभरा डोलत असतो. मोबाइलच्या नकाशातला निळा रंग इथे काही कामाचा नाही.

उघड्या पडलेल्या या जमिनीत होणाऱ्या शेतीला गाळपेर म्हणतात. खतपाणी फारसं लागत नाही, गाळातली ओल पिकाला पुरते. हरभरा, गहू, पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर टरबूज, काकडी आणि डांगर. वेलांची आळी ओळीनं असतात, त्यांच्या मधून जाऊ नये. कोवळ्या वेलाच्या शेंड्यावर पाय पडला की तो वेल गेला, आणि शेतकरी ओरडला तर ते त्याचं बरोबरच आहे. शेताच्या वरच्या कडेनं वळसा घालावा, पाच-दहा मिनिटंच जास्त लागतात.

दुसरी खबरदारी मोटारींची. काठावर दर शे-दोनशे पावलांवर पाण्याची मोटार, तिचा पाइप आणि पाण्यापर्यंत ओढलेली केबल असते. जोड बऱ्याचदा चिकटपट्टीनं गुंडाळलेले, आणि जमीन ओली. वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. मोटार बंद दिसली म्हणजे केबल मेलेली आहे असं धरू नये. केबल ओलांडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही आणि काठीनं उचलून तर बघायचीच नाही.

आता चिखल. पूर्णा वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून येते आणि तोच गाळ इथे आणून टाकते. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. वरून कोरडी दिसणारी साय आणि खाली लोण्यासारखा गाळ, ही तिची खोडी. भेगांकडे नीट बघितलं तर पुष्कळ कळतं. ढेकळांच्या कडा वर वळलेल्या असतील आणि भेगेत अख्खा हात जात असेल, तर जमीन माणूस पेलते. भेगा बारीक, कडा सपाट आणि रंग गडद असेल तर खाली ओल आहे. पृष्ठभाग चकाकत असेल तर तिकडे बघायचंही नाही. बांबूची पाच फुटी काठी हवीच: साध्या जोरानं वीतभराच्या वर आत गेली की मागे फिरायचं. गुरांच्या खुरांच्या खड्ड्यात पाणी साचलेलं दिसलं तरी तेच.

या सगळ्या शास्त्राचा सारांश एका शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी एका वाक्यात दिला. म्हशींच्या रुळलेल्या वाटेनं आम्ही सरळ निघालो होतो. त्यांनी लांबून हाक मारली, "म्हशीमांगे गेले त पान्यात जाल. बकरीमांगे जा भो!" खरंच आहे, म्हशीला पाण्यातच बसायचं असतं, तिची वाट कितीही रुंद असली तरी शेवटी डबक्यात उतरते. शेळीला ओल सोसत नाही, ती कोरड्यातून नागमोडी जाते. पुढचे सगळे दिवस लेंड्या बघत चाललो.

तरीही एकाचा पाय गुडघ्यापर्यंत गेलाच. अशा वेळी पाय सरळ वर ओढला तर बूट आत राहतो आणि दुसरा पाय रुततो. मागे रेलून बसायचं, पार्श्वभाग भरला तरी चालेल, वजन पसरलं पाहिजे. मग टाच गोल गोल फिरवून गाळात हवा जाऊ द्यायची आणि पाय तिरका काढायचा. नाडी घट्ट बांधलेला, घोट्यापर्यंतचा बूट यात टिकतो. सँडल गाळातच राहतात.

सकाळचा पल्ला सात किलोमीटरचा होता, त्याला साडेतीन तास लागले. कोरड्या काठानं तासाला तीन किलोमीटर, ओल्यातून दीडच, हा हिशोब चारही दिवस जुळला.

दुपारी एका शेतात भरीत. हिवाळ्यात जळगावकडे आला आणि भरीत न खाता गेला, असा माणूस आमच्या तरी माहितीत नाही. वांगी हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर नाही तरी वीतभर लांब. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात. आच भसकन लागते आणि लगेच उतरते, म्हणून साल जळतं पण गर करपत नाही. गॅसवर ही चव येत नाही ती धुरामुळे. सोलून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचतात, सोबत तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या नि लसूण. मग शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सढळ तेलाची फोडणी. जोडीला कळण्याची भाकरी. किलोभर ज्वारीला पावभर सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलं की कळणा झाला. पोटाला जड असते, हे लक्षात ठेवून संध्याकाळी चालायचा बेत आम्ही रद्द केला. तुम्ही तो बेत करूच नका.

दिवस दुसरा : हतनूरचं पाणी

हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, पण हिवाळ्यातही गरजेप्रमाणे नदीत पाणी सोडलं जातं. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरून चालू नये. धरणाच्या भिंतीचे फोटोही काढू नयेत, पहारेकरी हटकतात.

आम्ही वरच्या अंगाला, जलाशयाच्या उथळ शेपटाकडे गेलो. पक्षी तिथेच असतात, कारण बदकांना चोच तळाला टेकेल एवढंच पाणी हवं असतं. सूर्य पाठीशी राहील असा काठ सकाळी निवडावा, म्हणजे पूर्वेचा. नाहीतर दोन तास नुसत्या काळ्या सावल्या बघाव्या लागतात. दहानंतर तापलेल्या चिखलावर हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून सगळंच पाण्यात लिहिल्यासारखं दिसतं. तोवर बघून घ्यायचं. आठ पटींची दुर्बीण पुरते, जास्त पटींची हातात हलते.

सर्वांत आधी दिसले पट्टकादंब, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंसाच्या जातीचे पाहुणे, हिमालयापलीकडून आलेले. ते सकाळी हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतात चरतात, ऊन चढलं की चिखलाच्या मोकळ्या पट्टीवर येऊन झोपतात. झोपलेल्या थव्यात दोन-चार जागे असतात. त्यांच्या माना ताठ झाल्या की तिथेच थांबावं, बसावं. आणखी दहा पावलं टाकली तर अख्खा थवा उठतो, आणि एवढ्या लांबून आलेल्या पाखराची दुपारची झोप मोडते ती एका फोटोसाठी.

खोल पाण्यात मोठी लालसरी; नराचं डोकं पेटत्या निखाऱ्यासारखं आणि चोच लालभडक, त्यामुळे ओळखायला सोपी. पाणवनस्पती खायला ती बुडी मारते. थापट्या मात्र बुडत नाही, फावड्यासारखी चोच पाण्यावर फिरवत गोल गोल पोहतो. चक्रवाक नेहमी जोडीनं, काठावर. उथळ पाण्यात शेकाटे, चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे. आणि सगळीकडे, शेकड्यांनी, वारकरी: काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. मुक्ताबाईची पालखी आषाढीला याच मुलखातून पंढरपूरला निघते. पाखराला हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण इथे ते फार शोभतं.

एका कोपऱ्यात जलपर्णीनं पाणी झाकलं होतं. वरून हिरवळ वाटते, खाली किती पाणी आहे ते कळत नाही. तिच्या कडेला पाय देऊ नये. बेशरमीच्या झुडपांची रांग दिसली तर ती बहुधा आधीच्या पाण्याची कड असते, तिच्या वरच्या बाजूनं चाललं की पाय सुके राहतात.

काठाला सावली नाही, वेड्या बाभळीची असली तर ती घेववत नाही. तिचा काटा पातळ तळव्याच्या बुटातून आरपार जातो. पळायचे जाळीदार बूट इथे दुहेरी चुकीचे: खालून काटा, वरून कुसळ. कुसळी गवताची टोकं मोज्यात शिरली की चालताना आत आत सरकत जातात. जाड तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणि पोटरीला गुंडाळायला सुती पट्टी, एवढ्यानं भागतं. पाणी माणशी तीन लिटर, मार्चमध्ये पाच. नदीचं भरून घेऊ नये. मीठ-साखर किंवा ओआरएसची दोन पाकिटं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हा बेतच करू नये.

दिवस तिसरा : पाल, सुकीच्या काठानं

सावदा, खिरोदा करत पालचा घाट चढलो. गाडीत बसून चढलो, तेव्हा चढाचा नियम मोडला नाही. वाटेत दोन्ही बाजूंनी केळी. प्रत्येक बागेभोवती शेवरीची नाहीतर गजराज गवताची भिंत, उन्हाळ्यातला झोत आणि थंडीतला वारा अडवायला. जवळच्या फैजपुरात १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. आज सावदा-रावेरची ओळख केळीच्या लिलावाची आणि मालगाड्यांची आहे.

पाल हे यावल अभयारण्यातलं गाव. अभयारण्य १९६९चं, क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर. वनखात्याच्या नाक्यावर नोंद, शुल्क आणि ओळखपत्राची प्रत. सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावाच. आमच्याबरोबर आलेला तडवी तरुण अर्ध्या वाटेवर थांबायचा, मातीकडे बघायचा आणि मगच बोलायचा.

सुकी नदीच्या काठाची वाट सुरू झाली आणि दोन दिवसांचा उजाड चिखल विसरलो. अर्जुनसादड्याचे पांढुरके बुंधे पाण्यावर कललेले, मध्ये जांभूळ, करंज, उंबर. काठापासून शंभर पावलं दूर गेलं की लगेच सागाचं वाळकं रान आणि अंजन. अंजनाचं पान नीट बघावं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं दिसतं. काठ आणि रान यांच्या हवेत दुपारी जाणवण्याइतका फरक आहे, म्हणून उन्हाच्या वेळी काठ सोडू नये.

पाणी घोट्याएवढं, पाच वेळा ओलांडलं. ओलांडताना गोट्यांवर पाय न देता त्यांच्यामधल्या वाळूत द्यावा. गोट्यावरचं शेवाळ पाण्यात दिसत नाही. बूट काढून अनवाणी जाण्यापेक्षा जुन्या चपला सोबत ठेवाव्यात. ओल्या बुटात पाच किलोमीटर म्हणजे टाचेला फोड नक्की.

गंमत अशी की पालला वाहणारी ही सुकी खाली रावेरच्या सपाटीवर पोचते तेव्हा पात्र कोरडं होत जातं. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे आणि वाळूचा जाड थर आहे, त्यात नद्यांचं पाणी मुरतं. तेच पाणी विहिरी आणि कूपनलिकांमधून केळीच्या बागांना जातं. म्हणजे पालला पायाखालून वाहतं ते पाणी खाली केळीच्या घडातून वर येतं. उपसा वाढला तशी पाण्याची पातळी खोल गेली, हे बागायतदार स्वतःच सांगतात.

या रानाचं खरं आकर्षण रानपिंगळा. १८८४नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. जवळपास नामशेष धरलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ सापडला. नंतर यावलच्या रानातही दिसला. गावातल्या साध्या पिंगळ्याशी घोटाळा नको: साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि पोटाचा खालचा भाग पांढरा. तो दिवसा जागा असतो आणि पानगळीच्या सागावर उघड्या फांदीवर बसतो. आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बोलवू नये. पिलांच्या दिवसांत तर मुळीच नाही. आम्हाला दिसला नाही. नीलगायी दिसल्या (इकडे रोही म्हणतात), आणि वाळूत अस्वलाचा ताजा पंजा, माणसाच्या पावलासारखाच, पुढे नखांच्या खुणा. वाटाड्या म्हणाला, "वळणावर बोलत चला, दादा. गप गेलं की त्याला बी घाबरायला होतं." मोहाची फुलं गळतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अस्वलं पहाटे झाडाखाली असतात, म्हणून सातच्या आधी आणि साडेपाचनंतर वाटेवर नसावं.

वणवा अडवायला रानात साफ करून ठेवलेल्या जाळरेषा परतीच्या वाटेला उत्तम. सपाट, मोकळ्या, आणि ऊन खात पडलेली घोणस लांबून दिसते. रात्री खेड्यातल्या चुलीवरची शेवभाजी. तिखट सोसत नसेल त्यानं आधीच सांगावं. नंतर सांगून फक्त ताक मिळतं. मोबाइलला इथे रेंज धड नसते, नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

दिवस चौथा : अनेर

पालहून परत सपाटीवर उतरून यावल, चोपडा असा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरला. अडावदच्या उत्तरेला उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे, तिथे पाय शेकून घेतले. तीन दिवसांच्या गाळाला याहून चांगलं औषध नाही.

अनेर नदी काही अंतर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची हद्द सांभाळत वाहते. धरणाभोवतीचं अभयारण्य शिरपूर तालुक्यात, १९८६ सालचं, ८२.९४ चौरस किलोमीटरचं. हतनूरच्या मानानं पाणी लहान, पण काठाला झुडपांचं रान लागून असल्यामुळे पाणपाखरं आणि रानपाखरं एकाच जागी बसून दिसतात. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला आणि दगडासारखा कोसळला. तासाभरात सहा सूर, दोन मासे.

इथली अडचण वेगळी. काठाचा उतार अंगावर येत नाही इतका मंद, म्हणून पाणी थोडं उतरलं तरी कड बरीच मागे जाते, आणि पाणी गाठायचं तर ओल्या पट्टीतून लांबवर जावं लागतं. जायचं नाही. दगडगोट्यांचा एखादा सुळका पाण्यात शिरलेला असतो, तो शोधायचा आणि त्याच्या टोकावर बसायचं. एका मासे धरणाऱ्या बाईनं अहिराणीत हटकलं, "कथा चालनात भाऊ? तथा गारा शे!" कथा म्हणजे कुठे, गारा म्हणजे चिखल. तिनं बोट दाखवलेल्या अंगाला गोटे होते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पावरा लोकांचा भोंगऱ्या बाजार भरतो. गाड्या मिळत नाहीत, हे धरून चाला. आम्ही साडेचारला निघालो. बुटांवरची काळी माती ओली असताना धुवायची नाही, पसरते. पूर्ण वाळू द्यायची आणि एकमेकांवर आपटायचे. शिरपूरच्या स्टँडवर चौघांनी तेच केलं, आणि झाडलोट करणाऱ्या काकूंनी त्यांचा झाडू आमच्याच हातात दिला.